सूप

घरकुलात दुपारी दोनला कार्यक्रम ठेवला,
ही माझी पहिली चूक.
दोनला डोक्यावरचे पत्रे तव्यासारखे तापलेले,
आणि पाचच्या आत हजार विड्या कारखान्यात पोचवायच्या.
अठरा बायका आल्या, अठरा सुपं घेऊन.
मांडीवर सूप, सुपात पानं, जर्दा, कात्री.
नजर एकीचीही माझ्याकडे नाही.

दुसरी चूक, मी फलक उलगडला:
आपत्ती म्हणजे काय.
ताराबाई येमूल मान वर न करता म्हणाल्या,
"ते ठावं हाय आम्हाला. करायचं काय, तेवढं सांगा.
आणि हळू बोला, मोजणी चुकती माझी."

फलक गुंडाळला. खाली बसले.
एक पान मागून घेतलं, वळायचा प्रयत्न केला.
विडी बघून सगळ्या हसल्या,
"छाटीत जाणार ही," कुणीतरी म्हणालं,
आणि तिथून बोलणं सुरू झालं.

मी विचारलं, रात्री जिन्याच्या जाळीला कुलूप लावता ना?
किल्ली कुठं असते?
सासूच्या चंचीत.
देव्हाऱ्यात, फोटोच्या मागं.
ह्यांच्या उशीखाली.
भाग्यलक्ष्मी गाजूल गप्प होती.
मग म्हणाली, ह्यांच्या खिशात.
आणि हे रात्रपाळीला, अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात.
बाहेरून लावून जातात.

अठरा कात्र्या थांबल्या.
पंखा तेवढा किरकिरत राहिला.

त्या शांततेत राजमणी दासरी बोलल्या,
ज्या कधी कुठल्या सभेत बोलल्या नव्हत्या.
"किल्लारीच्या पहाटे मी पूर्वभागात, एका खोलीत.
भांडी वाजायला लागली. फळी पडली.
मी उठले न् पळाले. चौकापर्यंत पळाले.
तिथं दिव्याखाली बघितलं, हातात काय?
सूप.
आदल्या दिवशीच्या सातशे विड्या, एक न सांडता.
आणि पोरगी खोलीत."

पोरगी समोरच बसली होती, तिची स्वतःची पोरगी आता कॉलेजात.
"मला काय झालं नाही," ती म्हणाली,
"मी झोपूनच होते.
अम्माच तेव्हापासून झोपत नाही नीट."
"हाताला जे येतं, तेच हात उचलतो,"
राजमणी म्हणाल्या,
"आणि माझ्या हाताला तेव्हा एवढंच येत होतं."

माझ्या पिशवीत छापील यादी होती:
पाणी, विजेरी, शिट्टी, औषधं,
आधार आणि विडीचं कार्ड, प्लास्टिकमध्ये.
यादी चांगली होती. मी ती काढलीच नाही.
म्हणाले, डोळे मिटा.
घरात रात्र आहे, धूर आहे, वीज गेलीय.
प्रत्येकीनं आपापल्या घरी जाऊन,
मिटल्या डोळ्यांनी,
मूल, किल्ली, दार. बस्स.

दहा मिनिटं गल्लीत ओरडा, हसणं,
कुणी हंड्याला धडकलं,
कुणी शेजारणीच्याच घरात निघालं.
ताराबाईंना चाळीस मोजेपर्यंत दार सापडेना,
ज्या चाळीस वर्षं त्याच दारातून जातात.
दुसऱ्यांदा बावीस.
तिसऱ्यांदा त्यांनी नातू काखेत मारला
आणि चौदात बाहेर. धापा टाकत म्हणाल्या,
"आता काय, माझी हजारी तू पुरी करणार का?"

ते खरंच होतं. मी उशिरापर्यंत पानं कापत बसले.
सगळी आडवीतिडवी.

महिन्यानं परत गेले.
अठरापैकी अकरा घरांत दाराच्या चौकटीला खिळा,
पोराचा हात पोचेल इतका खाली,
आणि खिळ्याला, विडी बांधायच्या लाल दोऱ्यात, किल्ली.
सात घरांत नाही. दोघींना खिळा ठोकायला घरमालक देत नाही,
बाकीच्यांनी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

भाग्यलक्ष्मीकडे खिळा होता. दोराही होता.
गाठ मारलेली, खाली काही नाही.
"दुसरी बनवायला टाकलीय,"
ती म्हणाली,
आणि पाटावरचं सूप पायानं जरा बाजूला सरकवलं,
दारापर्यंतची वाट मोकळी राहील इतकं.